कच्ची वही रद्दीत गेली

माझं अक्षर चांगलं आहे. सदाशिव पेठेतल्या ज्या कॉलेजात मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, तिथल्या कुठल्याही मुलाला विचारा. मी काय शिकवलं ते त्याला आठवणार नाही, अक्षर आठवेल. आणि जर्नल आठवेल. प्रयोगाची निरीक्षणं आधी कच्च्या वहीत, मग घरी जाऊन पक्क्या जर्नलात, काळ्या शाईनं, एकही खाडाखोड न करता. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं. ज्याचं येत नाही त्यानं काय करावं, हे मी कधी तोंडानं सांगितलं नाही. एवढंच म्हणायचो, "कच्चं मला दाखवू नका. त्यात काय गोंधळ घातलाय तो तुमच्यापाशी ठेवा. मला पक्कं आणा." मुलं हुशार होती. पक्क्यात सगळ्यांचं उत्तर बरोबर यायचं आणि मी सही करून टाकायचो.

हे पुराण लावण्याचं कारण म्हणजे याच सवयीपायी मी माझ्या धाकट्या बहिणीचं जागेवर आलेलं डोकं पुन्हा घालवलं. पहिल्यांदा ते आजारानं घालवलं होतं, त्यात माझा हात नव्हता. दुसऱ्यांदा मात्र सगळं माझंच काम.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सव्विसाव्या वर्षी तिला नसलेली माणसं बोलताना ऐकू यायला लागली. स्किझोफ्रेनिया. लग्न झालं नाही, नोकरी सुटली, आई-वडील गेले आणि ती आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत आली ती आलीच. जुन्या गोळ्यांनी आवाज दबायचे, पण तीही दबायची. हात थरथरायचे, तोंडातून लाळ यायची, दिवसाचे चौदा तास झोप. पाहुणे आले आणि ती आत पुटपुटताना ऐकू आली की मी म्हणायचो, "गावातलं एक्स्चेंज बंद झालं, हिचं अजून चालू आहे." लोक हसायचे. एकदा ती दारात उभी होती आणि तीही हसली. तेव्हा मला वाटलं होतं, चला, हिला विनोद कळतो म्हणजे फार वाईट नाही.

आमचे डॉक्टर पेठेतलेच, मानसोपचारात केस पिकलेले, शब्दाला कंजूस. त्यांच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून समोर कॅमेरा लावला, कारण अशा रुग्णाची संमती चित्रित करावी लागते, आणि बावीस पानांचा मराठी कागद वाचून दाखवला. काही जणांना नवं औषध मिळेल, काही जणांना जुनंच, पण दिसायला सारखं. कोणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही कळणार नाही. केव्हाही बाहेर पडता येईल. मी घड्याळ बघत होतो. बहिणीनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"मला बरं वाटलं, तर पुढे मिळतील का या गोळ्या?"

डॉक्टर म्हणाले, "पहिला भाग सहा महिन्यांचा. तो नीट पार पडला, नोंदी व्यवस्थित असल्या, तर दुसऱ्या भागात सगळ्यांनाच नवं औषध मिळतं. बाजारात येईपर्यंत."

"आणि नोंदी व्यवस्थित नसल्या तर?"

"अगं, सही कर," मी म्हणालो. "बाहेर पेशंट खोळंबलेत त्यांचे."

ते त्या चित्रीकरणात आहे. कुठल्यातरी कपाटात ते जपून ठेवलेलं असणार.

नोंदी माझ्याकडे होत्या. घरच्या माणसानं रोज लिहायची एक छापील रोजनिशी मिळाली. झोप, जेवण, बोलणं, वागणं, विशेष घटना. तिथली कोऑर्डिनेटर, पंचविशीतली चटपटीत मुलगी, मला दोनदोनदा बजावत होती, "काका, जे होईल ते त्याच दिवशी लिहायचं हं. तिथल्या तिथं. अक्षर कसंही चालेल." अक्षर कसंही चालेल, हे मला सांगत होती. मी मनात म्हटलं, बाळ, तू माझ्या वर्गात नव्हतीस.

घरी आल्यावर मी एक दोनशेपानी वही काढली. पानांना आकडे घातले, समास आखला. रोज घडेल ते त्यात लिहायचं आणि रविवारी सकाळी छापील रोजनिशीत फेअर करायचं. कच्च्यात मात्र मी कधी खोटं लिहिलं नाही. तो माझा नियम होता. निरीक्षण ते निरीक्षण, सजवायचं असेल तर पक्क्यात.

तिसऱ्या महिन्यात ती जागी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. एके दिवशी सकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाली, "वहिनी, साखर अर्धा चमचा कमी घालत जा," आणि माझ्या बायकोच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मग नखं कापून झाली. मग निळी साडी कुठे आहे म्हणून विचारणा. मग एकटी तुळशीबागेत जाऊन वाती घेऊन आली, वर दुकानदाराशी वाद घालून आली. माझ्या मुलीकडे बघून म्हणाली, "ही एवढी मोठी कधी झाली?" मुलगी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, आणि आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटली. कारण ती आता ऐकत होती, बघत होती आणि लक्षात ठेवत होती.

रविवारच्या फेअर करण्यात तिनं स्वतःहून हात घातला. मी टेबलाशी बसायचो, ती शेजारी बसून कच्ची वही वाचून दाखवायची. एक्स्चेंजचा आवाज होता तिचा, स्पष्ट, ळ आणि ण दोन्ही ठणठणीत. "सोमवार. झोप सात तास. दुपारी वर्तमानपत्र वाचले. दादाशी वाद, विषय पंख्याचा वेग." मी लिहायचो, "सोमवार. झोप सात तास. वर्तमानपत्र वाचले." पंखा गाळायचो. ती बघायची. कधी कधी गालात हसायची.

पाचव्या महिन्यात मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची ठरली. मुलानं आणि मुलीनं स्वतःच जमवलेलं, दोघं आयटीत, एकाच कंपनीत. येणं हा नुसता उपचार होता. मुलगी म्हणाली, "बाबा, आत्याबद्दल आधीच सांगून टाकू ना. त्यात काय एवढं?" मी म्हटलं, "लग्न होऊ दे, मग सांगू." आणि तिला थाप मारली की आत्या त्या दिवशी जुन्या मैत्रिणीकडे जाणार आहे.

त्या सकाळी बहीण निळी साडी नेसून ओट्याशी उभी होती. कांदा चिरून झाला होता, पोहे भिजवून झाले होते.

"तू आत बस," मी म्हणालो.

"मी काही बोलणार नाही दादा. नुसते पोहे करते आणि आत जाते."

"आत बस म्हटलं ना."

तिनं विळी धुऊन जागेवर ठेवली आणि आत गेली. मी बाहेरून कडी घातली. मुलगी तेव्हा पार्लरमध्ये होती. बायकोनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पाहुणे मोठे गप्पिष्ट निघाले. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, तरी उठेनात. आतल्या खोलीला संडास-बाथरूम नाही. हे मला माहीत होतं. तीनदा दार वाजलं, अगदी हळू, बोटाच्या पेरानं. व्याह्यांनी विचारलं, "कोण आहे हो आत?" मी म्हणालो, "खिडकी. वाऱ्यानं वाजते."

पाहुण्यांबरोबर मुलगीही बाहेर पडली. मग मी कडी काढली. ती खाटेवर बसली होती. साडी बदलून झाली होती, ओली साडी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. फरशी तिनं स्वतःच्या टॉवेलनं पुसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाहुण्यांना पोहे आवडले का?"

त्या संध्याकाळी मी कच्च्या वहीत लिहिलं. नियम तो नियम. "स. ९.१० ते सायं. ५.२० खोलीत. कडी बाहेरून, मी घातली. तीनदा दार वाजवले. कपडे खराब झाले. ओरडली नाही. नंतर विचारले, पाहुण्यांना पोहे आवडले का."

रविवारी मी वही आधीच माझ्याकडे ओढून घ्यायला हवी होती. चहा घ्यायला उठलो तेवढ्यात तिनं ती उघडली होती. तिनं वाचून दाखवलं. सगळं, त्याच आवाजात, वेळेच्या आकड्यांसकट. "कपडे खराब झाले" हेही. मी छापील रोजनिशीत लिहिलं, "दिवसभर शांत. विशेष काही नाही." ती माझ्या पेनकडे बघत होती. वाक्य संपल्यावर तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "सोमवार."

सहा महिने भरले. दुसऱ्या भागात जाण्याआधी औषध कंपनीचा माणूस सगळे कागद तपासायला येतो, त्याला मॉनिटर म्हणतात. त्या दिवशी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. तिशीतला मुलगा, हैदराबादकडचा असावा, लॅपटॉपला डोळे लावून बसलेला. माझी रोजनिशी त्यानं चाळली, मागे गेला, पुढे आला, पान उजेडात धरलं.

"अंकल, ये रोज लिखा है या एक साथ?"

मला वाटलं अक्षराचं कौतुक करतोय. मी ऐटीत म्हणालो, "रोज ही लिखा. रफ में. बाद में फेअर किया."

कोऑर्डिनेटरचा चेहरा उतरला. "काका, मी सांगितलं होतं ना तुम्हाला. ओरिजिनल एंट्री हीच पाहिजे असते. कॉपी केलेलं चालत नाही."

डॉक्टर उठून आले. त्यांनी शांतपणे मला समजावलं, एखाद्या ढ मुलाला समजवावं तसं. ही नक्कल आहे, हिला किंमत नाही. मूळ वही दाखवली तर चूक कबूल करून, तशी नोंद करून पुढे जाता येईल. मूळ नसेल तर सहा महिन्यांच्या घरच्या नोंदींवर कंपनी विश्वास ठेवणार नाही आणि बहिणीला दुसऱ्या भागात घेणार नाही. "रफ चालेल," ते म्हणाले. "उलट रफच हवंय मला. आहे ना ते?"

एकतीस वर्षं मी जे मुलांना दाखवू दिलं नाही ते आता हा माणूस माझ्याकडे मागत होता. वही घरी माळ्यावर होती, जुन्या जर्नलांच्या गठ्ठ्यावर. माझ्या डोळ्यांसमोर ते एकच पान आलं. हा मुलगा ते उजेडात धरून वाचेल, ही चटपटीत पोरगी वाचेल, डॉक्टर वाचतील. हे सगळे मला सर म्हणत होते, काका म्हणत होते.

"ती रद्दीत गेली," मी म्हणालो.

बहीण माझ्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "हो. मीच दिली रद्दीवाल्याला. मला वाटलं, फेअर झालंय सगळं, आता कशाला हवी."

आदल्याच दिवशी तिनं स्टुलावर चढून ती वही पुसून जागेवर ठेवली होती.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, "आठ दिवस आहेत. सापडली तर घेऊन या." सापडली तर, असं म्हणाले. त्यांना कळलं होतं.

आम्ही चालत घरी आलो. लक्ष्मी रोड ओलांडताना मी विचारलं, "का म्हणालीस तसं?"

"तुला तिथं सगळ्यांसमोर वाचायला लागलं असतं," ती म्हणाली. "नाही बघवलं असतं मला. आणि पोरीचं लग्न ठरलंय." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आठ दिवस आहेत म्हणाले ना ते."

एवढंच. तिनं नंतर एकदाही विषय काढला नाही. पण रोज सकाळी चहा देताना ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी पेपर उघडायचो. तिसऱ्या दिवशी मी वही खाली काढली. ते एक पान फाडावं असं मनात आलं, पण पानांना आकडे मीच घातले होते, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गेल्यावर सेहेचाळीसनंतर एकोणपन्नास आलं असतं. नवी कच्ची वही लिहावी असंही मनात आलं. ते तर मला सहज जमलं असतं. पण सहा महिन्यांचं एका बैठकीत लिहिलेलं त्या मुलानं पुन्हा उजेडात धरलं असतं. सहाव्या दिवशी वही पिशवीत घालून निघालो, दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेलो. वरून ती कोऑर्डिनेटर कोणाशी तरी हसत बोलताना ऐकू आली. मी तसाच मागे फिरलो आणि येताना मिठाईच्या दुकानातून पाव किलो आंबाबर्फी घेऊन आलो. बहिणीनं पिशवी हातात घेतली, आत बघितलं. बर्फी बघितली, खाली वही बघितली. बर्फी काढून डब्यात भरली आणि वही स्टुलावर चढून परत माळ्यावर ठेवली.

नवव्या दिवशी गोळ्या बंद झाल्या. पुन्हा जुन्या सुरू झाल्या. पावणेदोन महिन्यांत ती परत गेली, आली होती तशीच, एकेक करून. आधी नखं वाढली. मग साखर किती आहे हे तिला कळेनासं झालं. मग आत कोणीतरी बोलायला लागलं.

मी काय केलं, ऐका. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. चाचणीत सामील झालेल्या मनोरुग्णाला अर्ध्यावर वाऱ्यावर सोडणारी धोरणं, कागदाच्या कपट्यापायी माणसाचं औषध तोडणाऱ्या कंपन्या, रुग्णाला गुण येतोय हे दिसत असताना नियमाचं बोट दाखवणाऱ्या समित्या, असं सगळं, खास पुणेरी शालजोडीत. छापून आलं, चौकटीत. मुद्दे सगळे बरोबर होते, आजही मी त्यातला एकही मागे घेणार नाही. संभाजी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी पाठ थोपटली. एक निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "सर, कुणीतरी बोलायलाच हवं होतं." डॉक्टरांच्या चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचंही सभ्य उत्तर आलं. मूळ नोंदी उपलब्ध झाल्यास प्रकरणाचा फेरविचार करण्यास समिती अजूनही तयार आहे, असं शेवटी लिहिलं होतं. ते उत्तर मी फाइल केलं.

बायकोनं पत्राचं कात्रण वाचून घडी घातली. "छान लिहिलंत हो," ती म्हणाली. "फेअर केलं होतंत का आधी?"

बहिणीला नवं औषध मिळत होतं की जुनंच, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी आपलं ठरवून टाकलंय की जुनंच होतं. म्हणजे मग मी तिचं काहीच घालवलं नाही. सोयीचं आहे. फक्त ती अर्धा चमचा साखर आठवली की हिशेब जुळत नाही. तीस वर्षं जुन्या गोळ्यांवर तिला साखर कधी कळली नव्हती.

मुलीचं लग्न झालं. आत्याबद्दल सासरी सांगायचं राहिलं. मुलगी विचारत राहिली आणि मी म्हणत राहिलो, दिवाळसण होऊ दे, मग सांगू. लग्नाच्या दिवशी बहीण तापानं आजारी होती असं मी कार्यालयात सगळ्यांना सांगितलं. ताप नव्हता.

यंदा भाऊबीजेला संध्याकाळी व्याही यायचे होते. सकाळी तिनं मला ओवाळलं. हात इतका थरथरत होता की तबक बायकोनं खालून धरलं होतं. कुंकू माझ्या नाकावर लागलं. ती आतल्या कोणाशी तरी बोलता बोलता ओवाळत होती, माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मी तबकात साडी ठेवली, निळी.

पाचाच्या सुमाराला खाली गाडीचा आवाज आला. मी उठलो, आतल्या खोलीकडे गेलो. तिला सांगायची वेळच आली नाही. ती आधीच आत जाऊन खाटेवर बसली होती. पायाशी प्लॅस्टिकची बादली घेऊन ठेवली होती, शेजारी टॉवेल. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि क्षणभर ती तीच होती, रविवारची वही वाचून दाखवणारी.

"दादा, कडी घाल," ती म्हणाली. "आणि लिहू नकोस हं. मग तुला परत फेअर करत बसावं लागतं."

मी कडी घातली आणि पाहुण्यांना दार उघडायला गेलो.